खरेदी, खाणे आणि फेरफटका : अरुण कोलटकर यांच्या ‘काला घोडा पोएम्स’मधील वस्तीचे वाचन

प्रस्तावना

दक्षिण मुंबईतील काळा घोडा हा परिसर आज खरेदी, खाणेपिणे आणि रमतगमत फिरणे यांसाठी ओळखला जातो. जहांगीर कलादालन, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, डेव्हिड ससून ग्रंथालय, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि मॅक्सम्युलर भवन यांच्या आसपासच्या रस्त्यांवर व गल्ल्यांत कलादालने, हातमागाच्या आणि ‘डिझायनर’ कपड्यांची दुकाने, कॉफीगृहे व उपाहारगृहे आहेत. १९९९ पासून भरू लागलेल्या काळा घोडा कला महोत्सवामुळे या परिसराची ही ओळख अधिकच पक्की झाली. येथे येणाऱ्या बहुतेकांना विशिष्ट वस्तू हवी असतेच असे नाही. दुकानांच्या काचांतून डोकावणे, एखादे चित्रप्रदर्शन पाहणे, काहीतरी खाणे आणि या सर्वांत दुपार घालवणे, हेच येण्याचे प्रयोजन असते.

हाच परिसर अरुण कोलटकर (१९३१–२००४) यांच्या ‘काला घोडा पोएम्स’ या इंग्रजी कवितासंग्रहाचा विषय आहे. कवीच्या निधनाच्या काही महिने आधी, २००४ मध्ये, हा संग्रह प्रास प्रकाशनाने प्रसिद्ध केला. ‘जेजुरी’ (१९७६) आणि ‘भिजकी वही’ (२००३) यांच्याविषयी मराठी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. ‘काला घोडा पोएम्स’ मात्र इंग्रजीत असल्यामुळे महाविद्यालयांत तो इंग्रजी विभागाच्या वाट्याला गेला आणि मराठीच्या वर्गात त्याचा उल्लेख क्वचितच होतो. दुसरीकडे, मराठीच्या वर्गात शहराची कविता शिकवताना ‘महानगरीय जाणीव’ ही एकच संज्ञा सर्व कवींना लावली जाते. एकाकीपणा, यांत्रिकता, गर्दीतील परात्मता ही तिची ठरलेली लक्षणे होत.

प्रस्तुत निबंधात या संग्रहाचे वाचन खरेदी, खाणे आणि फिरणे या तीन साध्या क्रियांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. शहराच्या शौकीन वस्तीत या क्रिया करण्याचा अधिकार कोणाला असतो, हा या वाचनामागील मूळ प्रश्न आहे. कोलटकरांनी या तिन्ही क्रिया ग्राहकाकडून काढून घेऊन त्याच रस्त्यावर राहणाऱ्या माणसांकडे सोपवल्या आणि त्यामुळे वस्तीची मालकी कोणाची हा प्रश्न कवितेत उभा राहिला, असे येथे प्रतिपादन केले आहे. या संग्रहाची एक मर्यादाही याच प्रश्नाशी निगडित आहे. तिचा विचार निबंधाच्या उत्तरार्धात केला आहे.

वस्तीची घडण

काळा घोडा हा परिसर मुळातच संपत्तीच्या प्रदर्शनातून घडला. १८६०च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडण्यात आला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या शहराच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. ‘रॅम्पार्ट रो’ या रस्त्याच्या जुन्या नावात त्या तटाची आठवण आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला मोठी मागणी आली आणि शहरात पैशाचा ओघ सुरू झाला. अफू आणि कापूस यांच्या व्यापारातून मोठे झालेले बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांचे नाव येथील ग्रंथालयाला आहे; त्याची इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. त्यांचे पुत्र अल्बर्ट ससून यांनी राजपुत्र एडवर्डचा अश्वारूढ पुतळा शहराला भेट दिला. १८७९ मध्ये उभारलेल्या या पुतळ्यातील काळ्या घोड्यावरूनच परिसराला लोकांनी नाव दिले. राजपुत्राचे नाव मागे पडले आणि घोड्याचे टिकले, ही गोष्ट लोकांच्या नामकरणाची रीत दाखवणारी आहे.

१८७१ मध्ये सुरू झालेले वॉटसन हॉटेल याच परिसरातले. ते प्रामुख्याने युरोपियन पाहुण्यांसाठी होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ तेथे झाला. म्हणजे खाणे, करमणूक आणि नव्या वस्तूंचे दर्शन यांसाठी हा भाग शतकभराहून अधिक काळ प्रसिद्ध आहे आणि आत कोणी यावे याचे नियमही तितकेच जुने आहेत. पुढे १९५२ मध्ये जहांगीर कलादालन सुरू झाले. त्यातील ‘समोवार’ हे उपाहारगृह १९६४ पासून चित्रकार, लेखक आणि विद्यार्थी यांचे बसण्याचे ठिकाण बनले. १९६५ मध्ये राजपुत्राचा पुतळा चौकातून हलवण्यात आला आणि भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेण्यात आला. त्यानंतर अर्धे शतक परिसराचे नाव काळा घोडा होते, पण घोडा नव्हता. कोलटकरांची कविता या रिकाम्या जागेची आहे. पुतळा गेल्यानंतर उरलेल्या चौकातील त्रिकोणी वाहतूक बेट हे तिचे केंद्र आहे.

बाजार पाहणारा डोळा : मराठीतील पूर्वपरंपरा

बाजारपेठेतून फिरता फिरता शहर समजून घेणे ही मराठीला नवी गोष्ट नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. शहरातील पेठा, व्यापार, निरनिराळ्या जातीजमाती, त्यांचे पोशाख आणि रीतिरिवाज यांची कुतूहलाने केलेली नोंद हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय. त्याच वर्षी फ्रान्समध्ये शार्ल बोदलेअर याचा आधुनिक जीवनाच्या चित्रकाराविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या गर्दीत निरुद्देश भटकणारा, सर्वांना पाहणारा आणि स्वतः अनोळखी राहणारा फिरस्ता या निबंधाने साहित्यविचारात रूढ केला. विसाव्या शतकात वाल्टर बेंजामिन याने पॅरिसच्या छताखालील बाजारगल्ल्यांच्या संदर्भात या फिरस्त्याचा पुन्हा विचार केला. आपण बाजाराबाहेर आहोत असे फिरस्त्याला वाटत असले, तरी त्याचा अखेरचा मुक्काम मोठ्या दुकानातच असतो, हे बेंजामिनच्या विवेचनाचे सार आहे.

माडगांवकर आणि बोदलेअर यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. बोदलेअरचा फिरस्ता स्वतःच्या संवेदनांचा शोध घेतो. माडगांवकर शहराची ओळख न फिरलेल्या वाचकाला करून देतात. त्यांच्या नोंदीमागे सांगण्याची, समजावण्याची तळमळ आहे. मराठीतील शहरवर्णनाचा हा लोकशिक्षणाचा धागा पुढे बराच काळ टिकला.

स्वातंत्र्योत्तर साहित्यात या धाग्याला दोन वळणे मिळाली. एक वळण मध्यमवर्गीय विनोदाचे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘हसवणूक’ (१९६८) मधील ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख याचे उत्तम उदाहरण होय. तेथे खाणे हा आठवणींचा आणि आस्वादाचा विषय आहे. दुसरे वळण रस्त्यावरच्या जगण्याचे. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मध्ये शहर हीच शाळा आहे आणि शिकणारा तेथील कामगार आहे. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) मध्ये बाजाराचे सर्वांत भीषण रूप येते, कारण तेथे विक्रीला माणूसच आहे. गोलपिठा आणि काळा घोडा एकाच शहरात, एकमेकांपासून काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत. ढसाळांची कविता वस्तीच्या आतून बोलते. कोलटकरांची कविता काचेपलीकडून पाहते. या दोन स्थानांतील अंतर लक्षात घेतल्याशिवाय ‘काला घोडा पोएम्स’चे मूल्यमापन करता येत नाही.

बसलेला फिरस्ता

कोलटकर अनेक वर्षे दर गुरुवारी दुपारी काळा घोडा येथील ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात मित्रांसमवेत बसत. हे आता सर्वज्ञात आहे. संग्रहातील बहुतेक दृश्ये त्या उपाहारगृहाच्या खिडकीतून दिसतील अशी आहेत. येथे फिरस्त्याच्या कल्पनेची उलटापालट होते. पाहणारा कवी एका जागी बसलेला आहे आणि रस्ता त्याच्या समोरून फिरतो आहे. त्याच्या हाती चहाचा कप आहे. म्हणजे तो ग्राहक आहे. पाहण्यासाठी लागणारी जागा त्याला पैसे मोजून मिळाली आहे.

कवितेत हे स्थान लपवलेले नाही. आपण रस्त्यावरच्यांपैकीच एक आहोत असा आव कवी आणत नाही आणि त्यांच्या दुःखाने गहिवरूनही येत नाही. तो बारकाईने पाहतो. कोण केव्हा येते, कोठे बसते, हाताची हालचाल कशी होते, कोणते भांडे कशावर ठेवले जाते, हे तपशील त्याला महत्त्वाचे वाटतात. कोलटकर व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातील कलादिग्दर्शक होते. वस्तूकडे पाहणाऱ्याची नजर कोठे थांबते हे त्यांना पक्के ठाऊक होते. जाहिरातीत ही जाण नव्या वस्तूविषयी इच्छा निर्माण करण्यासाठी वापरली जाते. कवितेत त्यांनी ती अशा माणसांवर आणि वस्तूंवर खर्च केली, ज्यांच्यावर ग्राहकाची नजर टिकत नाही.

संग्रहाच्या आरंभी एक भटका कुत्रा येतो. पहाटेच्या शांत वेळी तो वाहतूक बेटावर पडलेला आहे आणि परिसराचा धनी असल्याच्या थाटात स्वतःची वंशावळ सांगतो. त्याच्या अंगावरील काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत मुंबईच्या जुन्या बेटांचा नकाशा दिसतो. ही कल्पना केवळ गमतीची नाही. शहराचा नकाशा नगरपालिकेच्या दप्तरात असतो किंवा पर्यटकाच्या हातात असतो. येथे तो कुत्र्याच्या कातडीवर आला आहे. दुकाने उघडण्याआधीच्या वेळेत, म्हणजे खरेदी सुरू होण्यापूर्वी, वस्ती कोणाची असते याचे उत्तर कवितेने आरंभीच देऊन ठेवले आहे. दिवस सुरू झाल्यावर वाहने येतील आणि बेट त्याला सोडावे लागेल. मात्र त्याचा हक्क आधीचा आहे.

न्याहारीची पंगत

काळा घोडा येथील न्याहारीच्या वेळेवरील दीर्घ कविता हा या संग्रहाचा गाभा आहे. तिच्या आरंभी त्या घडीला जगात ठिकठिकाणी लोक काय खात असतील याची लांबलचक, मिस्कील यादी येते. आजच्या महानगरातील उपाहारगृहांच्या पदार्थांच्या यादीत असाच देशोदेशींच्या खाण्याचा संचार असतो. मात्र कवितेतील जगाची ही फेरी ज्या ठिकाणी येऊन थांबते, ते ठिकाण म्हणजे वाहतूक बेट. तेथे एक बाई अॅल्युमिनियमच्या मोठ्या डब्यात इडल्या घेऊन येते. कवी तिला अन्नपूर्णेचे नाव देतो. ती येताच आसपासच्या पदपथांवरून माणसे गोळा होऊ लागतात. वाफाळत्या इडल्यांभोवती थोड्या वेळासाठी एक समाज तयार होतो. डबा रिकामा होतो, ती निघून जाते आणि तो समाजही विरून जातो.

या दृश्यात खरेदी, खाणे आणि हिंडणे या तिन्ही क्रिया पूर्ण होतात. माणसे चालत येतात, विकत घेतात, एकत्र खातात. शौकीन वस्तीची म्हणून जी ख्याती असते, तिचे सर्व घटक येथे आहेत. फरक इतकाच की, हे उपाहारगृह भिंतींविना आहे आणि त्याचे भाडे कोणी भरत नाही. जागेचे भाडे, सजावट आणि प्रतिष्ठा यांचा भार पदार्थाच्या किमतीवर पडत नाही, म्हणून रस्त्यावर राहणाऱ्यालाही तो परवडतो. मुंबईत सकाळी इडली विकणारे अनेक तमिळ विक्रेते धारावीतून शहरभर जातात, हे येथे आठवते. शहराच्या एका टोकाच्या वस्तीतील पहाटेचे श्रम दुसऱ्या टोकाच्या वस्तीची न्याहारी घडवतात.

‘अन्नपूर्णा’ या नावाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. पुराणकथेत साक्षात शिव अन्नपूर्णेच्या दारी भिक्षा मागतो. तेथे देणारी आणि घेणारा यांच्यात व्यवहार नाही, अन्न आहे. कोलटकरांच्या कवितेत मात्र व्यवहार आहे. इडली विकत मिळते आणि विकणारी आपला धंदा करते. कवीने धंद्याला दान केले नाही, हे महत्त्वाचे. ती देवी असूनही विक्रेती राहते आणि खाणारे गरीब असूनही ग्राहक राहतात. दयेच्या नात्यात न सापडणारी प्रतिष्ठा या व्यवहारात आहे. मराठी वाचकाला येथे वारीतील पंगत आठवेल. पंगतीत शेजारी कोण बसला हे विचारले जात नाही. चौकातील ही न्याहारीही त्या अर्थाने पंगतच आहे, मात्र ती धर्माने बोलावलेली नसून भुकेने आणि सवयीने जमलेली आहे.

उंदरांचे विष विकणाऱ्या माणसाच्या जेवणाच्या सुट्टीवर याच संग्रहात स्वतंत्र कविता आहे. तिचे शीर्षकच अर्थपूर्ण आहे. जेवणाची सुट्टी हा नोकरदारांचा शब्द आहे. कचेरी, घड्याळ आणि डबा यांच्याशी तो जोडलेला आहे. फिरत्या विक्रेत्याला तो लावताच त्याचे हिंडणे काम ठरते आणि त्याचे थांबणे विश्रांती ठरते. फिरणे हा कोणासाठी छंद आहे आणि कोणासाठी रोजगार आहे, हा भेद कवितेने अशा साध्या शब्दयोजनेतून दाखवला आहे.

विकून झालेल्या वस्तू

खरेदीच्या वस्तीत वस्तूचे आयुष्य दुकानाच्या काचेपासून ग्राहकाच्या पिशवीपर्यंत असते. त्यापुढे वस्तूचे काय होते याच्याशी बाजाराला कर्तव्य नसते. कोलटकरांची कविता नेमकी तेथून सुरू होते. सायकलचा जुना टायर, केरकचरा, रॉकेल अशा वस्तू तिच्यात येतात. टायर स्वतः बोलतो. कचरासुद्धा आपले गाणे गातो. वापरून संपलेली वस्तू एखाद्या मुलाच्या हातात खेळणे बनते किंवा कोणाच्या तरी रोजच्या कामाचा विषय बनते. अशा रीतीने ती दुसऱ्यांदा जन्माला येते आणि या जन्मात तिला किंमतीची चिठ्ठी नसते.

कचरा गोळा करणाऱ्या सफाई कामगार बाईला कवीने मीरा असे संबोधले आहे. गाडीतील कचरा पायांनी तुडवून दाबताना तिच्या हालचालीत त्याला नृत्य दिसते. येथे एक धोका संभवतो. कष्टाचे सौंदर्य दाखवताना कष्ट झाकले जाऊ शकतात. भारतात सफाईचे काम जातीने ठरत आले आहे आणि त्या कामाला नृत्य म्हणणे हे त्या इतिहासाकडे पाठ फिरवणे ठरू शकते. हा आक्षेप गंभीर आहे. त्याला कवितेतून मिळणारे उत्तर अंशतःच आहे. मीरा हे नाव राजघराणे सोडून रस्त्यावर आलेल्या संत स्त्रीचे आहे. ते देऊन कवीने कामाला नव्हे, तर काम करणारीला उंची दिली आहे. शिवाय कचऱ्याची रचना आणि तिचे श्रम यांचे वर्णन इतके नेमके आहे की, काम अदृश्य होत नाही. तरीही ते काम तिच्याच वाट्याला का आले, हा प्रश्न कविता विचारत नाही. ‘गोलपिठा’ तो विचारतो.

आवाज कोणाला मिळतो?

वरील आक्षेप संग्रहाच्या रचनेपर्यंत जातो. या कवितांत प्रथमपुरुषी निवेदन कोणाकडे आहे, हे तपासले असता एक विलक्षण गोष्ट दिसते. कुत्रा बोलतो, टायर बोलतो, कचरा बोलतो. ग्रंथालयावरील डेव्हिड ससून यांचे दगडी मस्तकही आपली कहाणी सांगते. इडली विकणारी अन्नपूर्णा, मीरा, तसेच चेहऱ्याची एक बाजू जळालेली, रस्त्यावरच्या पोरांना न्हाऊ घालणारी बाई यांना मात्र तृतीयपुरुषी वर्णन मिळते. त्या दिसतात, पण बोलत नाहीत. ज्यांना प्रत्यक्षात जीभ नाही त्यांना कवीने भाषा दिली. ज्यांच्याजवळ भाषा आहे, त्या स्त्रियांना दृश्यात ठेवले.

याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. पहिला असा की, काचेआडून पाहणाऱ्याला माणसाच्या मनात शिरण्याचा हक्क नाही, ही कवीची नैतिक जाणीव आहे. कुत्र्याच्या किंवा टायरच्या तोंडी घातलेले शब्द कल्पित आहेत हे वाचकाला उघड कळते. अन्नपूर्णेच्या तोंडी घातलेले शब्द मात्र तिचेच म्हणून खपले असते. दुसरा अर्थ असा की, खिडकीजवळच्या टेबलाने कवीची दृष्टी मर्यादित केली आणि ऐकण्याइतके जवळ जाणे त्याला शक्य झाले नाही. प्रस्तुत विवेचनात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे मानले आहेत. कवीचा संयम प्रामाणिक आहे आणि त्या संयमाची किंमत त्या स्त्रियांनी मोजली आहे. ‘भिजकी वही’ या मराठी संग्रहात, ज्याला २००५ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, जगभरातील शोकाकुल स्त्रिया कवितेच्या केंद्रस्थानी येतात. दोन्ही संग्रह शेजारी ठेवून वाचले, तर स्त्रीच्या आवाजाचा प्रश्न कोलटकरांना स्वतःलाही छळत असावा, असे अनुमान करता येते.

ससून यांच्या बोलण्याला या मांडणीत वेगळे महत्त्व आहे. वस्तीची संपत्ती ज्या व्यापारातून आली त्याचा प्रतिनिधी येथे भिंतीवर अडकलेले मस्तक बनला आहे. त्याला चालता येत नाही, खाता येत नाही, विकत घेता येत नाही. तो फक्त खाली पाहू शकतो. वस्ती वसवणारा स्थिर झाला आणि वस्तीत हक्काची जागा नसलेले तिच्यात वावरत राहिले, हे चित्र इतिहासावरचे मार्मिक भाष्य आहे.

भाषेचा प्रश्नही येथे विचारात घेतला पाहिजे. कोलटकर मराठीतही तितकेच समर्थ कवी होते. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) या संग्रहात त्यांनी मुंबईची मिश्र बोलीही कवितेत आणली होती. मग काळा घोडा इंग्रजीत का? या परिसरातील दुकानांच्या पाट्या, उपाहारगृहांतील पदार्थांची यादी, प्रदर्शनांची निमंत्रणे यांची भाषा प्रामुख्याने इंग्रजीच राहिली आहे. ज्या भाषेत या वस्तीचे आदरातिथ्य चालते, त्याच भाषेत कवीने तेथे निमंत्रण नसलेल्यांची नोंद केली. इंग्रजीचा हा उपयोग त्या भाषेच्या प्रतिष्ठेला आतून छेद देणारा आहे.

कवितेनंतरचा काळा घोडा

कवितेने टिपलेली वस्ती आज तशी राहिलेली नाही. ‘वेसाइड इन’ संग्रह प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंद झाले होते. ‘समोवार’ २०१५ मध्ये आणि ध्वनिमुद्रिकांचे प्रसिद्ध दुकान ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले. २०१७ मध्ये चौकात पुन्हा काळा घोडा उभारण्यात आला, मात्र त्यावर स्वार नाही. कमी पैशांत तासन्‌तास बसू देणाऱ्या जागा कमी होत जाणे ही केवळ स्मरणरंजनाची बाब नव्हे. एका चहावर गुरुवारची दुपार काढता आली नसती, तर हा संग्रह लिहिला गेला असता का, हा प्रश्न अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

पदपथावरील माणसांच्या हक्काचा प्रश्न याहून मोठा आहे. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मान्य केले. मात्र रीतसर सूचना देऊन पदपथवासीयांना हटवण्यास मुभाही ठेवली. २०१४ मध्ये पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. कायद्याच्या या दोन टप्प्यांमध्ये कोलटकरांचा संग्रह येतो. त्यात मागणी नाही, घोषणा नाही. परंतु चौकात बसून इडली विकणारी बाई अडथळा नसून वस्तीची यजमान आहे, हे त्याने दाखवले. कायदा ज्याला हक्क म्हणतो, त्याची मानवी बाजू येथे दिसते.

वस्तीची कीर्ती वाढली की, तिच्याविषयीची कविताही त्या कीर्तीचा भाग बनते. ‘कोलटकरांचा काळा घोडा’ म्हणून फेरफटका मारणाऱ्या वाचकाला ती कविता एक सांस्कृतिक स्मरणवस्तू म्हणून मिळू शकते. खरेदीच्या नजरेबाहेर राहिलेल्यांची कविता अशा रीतीने खरेदीचा विषय बनणे हा तिच्यापुढचा खरा धोका आहे. तो टाळण्याचा मार्ग म्हणजे ती निराळ्या ठिकाणाहून वाचणे.

पूर्णेतून वाचताना

पूर्णा हे तालुक्याचे गाव आणि मनमाड–सिकंदराबाद मार्गावरील रेल्वे जंक्शन. अकोल्याकडे जाणारा फाटा येथूनच निघतो. येथून देवगिरी एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास करून विद्यार्थी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरला, तर काळा घोडा त्याला पायी गाठता येतो. तरीही वर्गात शहराची कविता शिकवताना हा विद्यार्थी ‘अनुभवविश्वाबाहेरचा’ मानला जातो आणि त्याला ‘महानगरीय जाणीव’ या संज्ञेची व्याख्या लिहून दिली जाते. परीक्षेत तो एकाकीपणा आणि यांत्रिकता ही लक्षणे लिहितो. कोलटकरांच्या चौकात मात्र ही दोन्ही लक्षणे शोधून सापडत नाहीत. तेथे ओळखी आहेत, भांडणे आहेत, उवा काढून देण्याइतकी जवळीक आहे, वेळेवर येणारी न्याहारी आहे.

मराठवाड्यातील आठवडी बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला हा चौक परका वाटण्याचे कारण नाही. आठवडी बाजारात खरेदी, खाणे आणि हिंडणे वेगळे काढता येत नाही. काहीही विकत न घेता दिवसभर फिरणाऱ्याला तेथे कोणी हटकत नाही. बाजारात माणूस भेटीसाठी, बातमीसाठी, सोयरीक जुळवण्यासाठीही येतो. शौकीन वस्तीत मात्र फिरण्याचा हक्क ग्राहकासारखे दिसण्यावर अवलंबून असतो. तसेच, जंक्शनच्या फलाटावर चहा आणि वडे विकणारे, गाडीची वाट पाहणारे आणि फलाटावरच रात्र काढणारे यांचे जे तात्पुरते सहजीवन असते, ते वाहतूक बेटावरच्या न्याहारीचे जवळचे नातेवाईक आहे. गाडी आली की गर्दी जमते, गेली की विरते. हा अनुभव असलेल्या वाचकाला कवितेतील समाजाचे जमणे आणि विरणे समजावून सांगावे लागत नाही.

अर्थात, आठवडी बाजाराचे आदर्शीकरणही टाळले पाहिजे. तेथेही कोणी कोठे बसावे, कोणी काय विकावे यावर जातीची छाया राहिलेली आहे. हे ठाऊक असलेला विद्यार्थीच मीरेच्या नृत्याविषयीचा आक्षेप अधिक नेमकेपणाने मांडू शकेल. म्हणजे ज्या अनुभवामुळे तो ही कविता जवळची मानेल, त्याच अनुभवाच्या बळावर तो तिची मर्यादाही ओळखेल.

निष्कर्ष

१) ‘काला घोडा पोएम्स’मध्ये खरेदी, खाणे आणि फिरणे या क्रिया ग्राहकाकडून काढून पदपथावरील माणसांकडे दिल्या आहेत. त्यामुळे वस्ती वापरणारा आणि वस्तीत राहणारा यांच्यातील भेद कवितेच्या केंद्रस्थानी येतो.

२) कवी स्वतः ग्राहकाच्या जागी बसलेला आहे आणि हे स्थान त्याने लपवलेले नाही. पाश्चात्त्य साहित्यविचारातील फिरस्त्याची कल्पना येथे बसलेल्या, मर्यादित आणि उत्तरदायी प्रेक्षकात रूपांतरित होते.

३) प्रथमपुरुषी आवाज प्राणी, वस्तू आणि पुतळा यांना मिळतो, श्रमिक स्त्रियांना मिळत नाही. हा संयमही आहे आणि मर्यादाही आहे. तिची भरपाई ‘गोलपिठा’ आणि ‘माझे विद्यापीठ’ यांच्या सहवाचनाने होऊ शकते.

४) ‘महानगरीय जाणीव’ ही संज्ञा या संग्रहाला अपुरी पडते. मराठी विभागांनी हा संग्रह इंग्रजी विभागाच्या सहकार्याने अभ्यासक्रमात घ्यावा आणि तो शिकवताना विद्यार्थ्यांच्या बाजाराच्या व फलाटाच्या अनुभवापासून आरंभ करावा. तसे झाल्यास ग्रामीण महाविद्यालयातील वाचक या कवितेचा उपरा पाहुणा न राहता तिचा जाणकार ठरेल.